राजदूत चालू होईना? आधी प्लग काढा

मंडळी, पावसाळाभर गोठ्यात उभी असलेली राजदूत किक घेईना, की लगेच कार्बोरेटर बदलायचा, हे मला पटत नाही. मूळ कार्बोरेटर एकदा भंगारात गेला की तसा परत मिळणं अवघड.

चार किक मारा, प्लग काढून बघा. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. बहुतेकदा पॉइंट खराब झालेले असतात. बारीक पॉलिश पेपर फिरवा, फट बघा. कोरडा निघाला तरच कॉक, जाळी, जेट साफ करा.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते पाणी ओढतं. (ऊस आपलाच, काय बोलणार!) साठलेलं पेट्रोल आधी काढा. नवं भरताना टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं विसरू नका.