'मॉस'मी पाऊस

परवा एका मैत्रिणीच्या ऑफिसात गेले होते. तिच्या डेस्कवर काचेची बरणी. आत खडे, थोडीशी माती आणि वर मखमली, हिरवागार मॉस. टेरारियम! येणारा-जाणारा 'सो क्यूट' म्हणत होता.

'हे येतं कुठून गं?' मी विचारलं.
'नर्सरीतून!'
'आणि नर्सरीत?'
मॅडम गप्प. मग तिने फोनच लावला. उत्तर आलं, 'घाटातून आणतात, पोत्याने.'

खरंय, आपण कधी विचारच करत नाही. भिवंडीत पाऊस लागला की पॉवरलूमच्या जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, लोनाडच्या लेण्यांकडची टेकडी, सगळीकडे हा गालिचा फुकटात अंथरलेला असतो. आपण सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. पण पाय सटकतो ते बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि मॉस वेगळा. शाळेतलं 'ब्रायोफायटा' आठवतंय? वनस्पतींमधले उभयचर! खरी मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही. पाणी प्यायचं ते थेट पानांनी. उन्हाळ्यात वाळून काळपट पडतो, आपल्याला वाटतं, संपला. पहिली सर आली की स्वारी परत टवटवीत!

पण पानांनी प्यायचं म्हणजे हवेतलं विषही पोटात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाडांवरचा मॉस तपासला, तेव्हा काच कारखान्यांजवळच्या हवेतलं कॅडमियम २०१६ साली उजेडात आलं. थोडक्यात, चकटफू पोल्युशन मीटर!

आणि हाच बिचारा संकटात आहे. तिबेटच्या पठारावरच्या 'टाकाकिया'चा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा, म्हणजे डायनोसॉरच्याही आधीचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो तिथे दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटतोय. कारण? वाढतं तापमान.

आपल्या देशात एक छान गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२० मध्ये नैनितालजवळ खुर्पाताल इथे उत्तराखंडच्या वन खात्याने देशातलं पहिलं मॉस गार्डन खुलं केलं. सुमारे १० हेक्टर जागा, तिसेक जाती. उद्घाटनाला कोण? जलपुरुष राजेंद्र सिंह! बरोबरच आहे, डोंगरावर पाणी धरून ठेवणाऱ्यांत मॉसचाही वाटा असतो.

आपल्याकडे मात्र डोंगरउतारावर गोडाऊन उभं राहिलं, तर तिथला मॉस मोजायला कोण जाणार? वाघाचं टी-शर्ट आपण घालतो, मॉसचं कुणी छापतही नाही.

म्हणून एवढंच करा. बरणी घेताना 'वाढवलेला की खरवडलेला?' असं बिनधास्त विचारा. सोसायटीच्या भिंतीचा एखादा कोपरा ब्रशपासून वाचवा. आणि विकेंडच्या ट्रेकला भिंग न्या. नखाएवढ्या जागेत अख्खं जंगल दिसेल, प्रॉमिस!

मैत्रिणीने दुसऱ्या बरणीची ऑर्डर कॅन्सल केली. पहिलीला मात्र रोज पाणी शिंपडते. म्हणते, 'आता आणलाच आहे तर जगवायला नको?'

भेटू पुढच्या आठवड्यात!