पुलाला नंबर आहे, मग भिंतीला काहून नाही?

राजेहो, अमरावती-अकोला रस्त्याचा विश्वविक्रम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जून २०२२, लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबराचा सलग थर, १०५ तास ३३ मिनिटं. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, २५ किलोमीटरच्या आसपास. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? त्याआधी कित्येक वर्षं याच रस्त्यानं आपली कंबर मोडली होती.

पण बघा, डांबर टाकताना मिनिटंसुद्धा मोजली आपण. त्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भिंतींवर मात्र साधा नंबरही नाही. दर आठवड्याला जाणं-येणं करतो मी. पुलांवर, मोऱ्यांवर रंगवलेले आकडे दिसतात. भिंतीवर फार तर गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि कोचिंग क्लासची जाहिरात.

कोणत्या भिंती म्हणाल, तर अंडरपास किंवा उड्डाणपूल आला की रस्ता हळूहळू वर चढतो. त्या चढाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या चौकोनी-षटकोनी पॅनलची भिंत असते. इंजिनिअर लोक तिला आरई वॉल म्हणतात. बहुतेकांना वाटतं की ती पॅनलच सगळा भार पेलतात. तसं नाही. पॅनल म्हणजे नुसता चेहरा. खरं काम करतात भरावात थराथरानं आत पुरलेल्या पट्ट्या नाहीतर जाळ्या. त्या मुरमाला घट्ट धरून बसतात, म्हणून भिंत उभी राहते. मुरमाऐवजी बारीक माती जास्त गेली, किंवा आत पाणी साचलं, की ती पकड सुटायला लागते. म्हणून तर भरावात अगदी बारीक मातीचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आत ठेवा असं नियमच सांगतो. दुसरा प्रकार घाटातला, पातूरच्या किंवा चिखलदऱ्याच्या वाटेवरचा. तिथं दगडाची किंवा काँक्रीटची भिंत दरीकडून रस्ता धरते, नाहीतर डोंगराकडून दरड.

आता आपली माती. वऱ्हाडातल्या माणसाला काळ्या मातीबद्दल मी काय सांगावं! मे महिन्यात भेगांमध्ये हात जातो आणि जुलैत तीच माती फुगून घराचा ओटा उचलते. आपल्या बापजाद्यांनी मुरूम लागेपर्यंत पाया खोदायची रीत उगाच नाही पाडली. भिंतीच्या पायाखाली किंवा पाठीमागे ही माती राहिली, तर ती दरवर्षी भिंतीला एकदा ढकलणार आणि एकदा सोडणार. एका वर्षात काही दिसत नाही. दहा वर्षांत भिंतीला पोट येतं.

त्यात पाणी. काँक्रीटची सहा मीटर उंच भिंत धरा. तिच्या पाठीमागे वरपर्यंत पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच १८ टनांच्या आसपास रेटा येतो. मातीचा रेटा वेगळा. हा हिशेब शाळेतलाच आहे. म्हणून तर भिंतीला खालच्या अंगानं पाणी निघायची भोकं ठेवतात. ती भोकं मातीनं, प्लास्टिकनं, झाडाच्या मुळ्यांनी बुजली की भिंत धरण होते, आणि धरण म्हणून तिला कोणी बांधलेलं नसतं.

जुलै २०१९ मध्ये मुंबईत मालाडला काय झालं ते आठवा. महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत मुसळधार पावसात मध्यरात्री खालच्या झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं गेली. भिंत जुनीपुराणी नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती. आणि १९ मे २०२५ ला केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कूरियाडला, राष्ट्रीय महामार्ग ६६ चा नवाकोरा उंच भराव भिंतीसकट खाली बसला. खाली भाताची खाचरं, मऊ जमीन. आपल्याकडे भातखाचरं नाहीत, पण पूर्णाकाठची खोल काळी जमीन आहेच की! नवीन आहे म्हणून भक्कम आहे, असं समजायचं कारण नाही.

भिंत पडायच्या आधी बोलते, बरं का. पॅनलच्या फटीतून बारीक मातीची धार लागते. वरच्या रस्त्यावर कडेकडेनं लांबच लांब तडा जातो. लोखंडी कठड्याची सरळ रेघ मध्येच खाली वाकते. सगळीकडे पाऊस कोसळतोय आणि भिंतीच्या भोकांतून थेंबही येत नाही, हे तर सगळ्यात वाईट. फटीत पिंपळ उगवतो, आणि आपण त्याला हात लावत नाही कारण पिंपळ आहे.

मागच्या पावसाळ्यात अशी मातीची धार मला एका अंडरपासजवळ दिसली. खाली पॅनलच्या पायथ्याशी छोटा ढीग झाला होता. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून विचारलं, अपघात झाला का? नाही. गाडी बंद पडली का? नाही. मग जागा सांगा. आता जागा काय सांगू? चहाच्या टपरीच्या पुढचा अंडरपास, अकोल्याकडे जाताना डावी बाजू? ‘नोंद घेतली’ म्हणाले. पुढे काही निरोप आला नाही. फोन उचलणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या समोरच्या यादीत ती भिंतच नसेल, तर तो बिचारा नोंद करणार कशावर?

माझं म्हणणं एवढंच आहे, भिंतीला आधी नाव द्या. पुलांच्या बाबतीत हे झालं, पण त्यासाठी माणसं मरावी लागली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल दोन एसटी बससकट वाहून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं पुलांची देशव्यापी नोंद सुरू केली. प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक आणि त्याच्या अवस्थेला शून्य ते नऊमधला गुण. म्हणजे पद्धत आपल्याकडे आहे, सरकारला येतेही. तीच भिंतींपर्यंत आणायची आहे.

हाँगकाँगनं हे फार आधी केलं. तिथं १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून १३८ माणसं मेली. १९७६ ला पुन्हा तसंच झालं. १९७७ मध्ये त्यांनी फक्त याच कामासाठी वेगळं कार्यालय काढलं. आज तिथल्या जवळपास ६० हजार मानवनिर्मित उतारांची आणि भिंतींची नोंद आहे. रस्त्याकडेला नंबराची पाटी असते आणि कोणीही नागरिक तो नंबर टाकून त्या भिंतीची माहिती पाहू शकतो. आपल्या दोन जिल्ह्यांत महामार्गांवर ६० हजार भिंती नाहीत. एक कनिष्ठ अभियंता, एक गाडी आणि एक उन्हाळा, यात यादी होईल.

मोजायलाही फार मोठी यंत्रं लागत नाहीत. ड्रोन, सेन्सर नंतर आणा, कोणी नाही म्हटलं नाही. पण ओळंबा तर गवंड्याच्या पिशवीतही असतो. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली, तर तडा वाढतोय. दरवर्षी एकाच जागी उभं राहून, त्याच कोनातून फोटो घ्या. एप्रिल-मेमध्ये भोकं साफ करा आणि ऑक्टोबरात पुन्हा चक्कर मारा. भिंतीला आलेला प्रत्येक फुगवटा धोक्याचाच असतो असंही नाही. काही बांधतानाच राहिलेले असतात. पण मागच्या वर्षी तो केवढा होता हे कागदावर नसेल, तर तो वाढतोय की जागेवरच आहे हे जगातला मोठ्यात मोठा तज्ज्ञही सांगू शकणार नाही.

‘माणसं कमी आहेत’ हे उत्तर येणार, मला माहीत आहे. मोजणीला अमरावती-अकोल्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं घ्या, आनंदानं येतील. मात्र सही जबाबदार अधिकाऱ्याचीच हवी. आणि ठेकेदाराची देखभालीची मुदत संपायच्या आत भिंतींची तपासणी झालीच पाहिजे, कारण मुदत संपल्यावर सापडलेल्या दोषाचं बिल तुमच्या-माझ्या खिशातून जातं. टोल भरतोच आहोत, वरून हेही?

येत्या आठवड्यात मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तीनच प्रश्न. अमरावती ते अकोला पट्ट्यातल्या संरक्षक भिंतींची यादी आहे का, असेल तर प्रत द्या. प्रत्येक भिंतीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि कोणी केली? त्या तपासणीत सापडलेले दोष दुरुस्त झाले का? उत्तर येईल तसं इथंच टाकतो.

तोवर तुम्ही एक करा. बडनेरा ते बोरगाव मंजू, पातूर घाट, परतवाडा-चिखलदरा, जिथं कुठं भिंतीतून माती येताना, पोट आलेलं किंवा वरचा कठडा वाकलेला दिसेल, तिथला फोटो कमेंटमध्ये टाका. सोबत जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, दिशा आणि तारीख लिहा. गाडी बाजूला घेऊन, नीट थांबून काढा बाप्पा, चालत्या गाडीतून नको.