बाहेर जायची दारं

मी बी.ए.ला राज्यशास्त्र स्पेशल घेतलंय. आई विचारते, "ह्यानं नोकरी लागंल का रं?" काय सांगू? वर्गात हॉब्ज, लॉक, रूसो. राज्य कसं जन्मलं ह्यावर तासच्या तास. तेच राज्य बुलडोझर घेऊन आमच्या वस्तीत कसं येतं, ह्यावर एकही नाही. बाबासाहेब आहेत, एका प्रकरणापुरते.

पण दोस्तांनो, म्हणून विषय सोडायचा नाही. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात गेले ते राज्यशास्त्राच्याच विद्याशाखेत. ९ मे १९१६ ला तिथल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. स्पेशल अभ्यास म्हणतात तो हा. ज्या जातीनं आपल्याला चिरडलं, तिलाच टेबलावर घेऊन पुराव्यानं चिरायचं.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ऑनर्स नेलं चौथ्या वर्षाला. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी घ्या आणि निघा. सोय म्हणे! फी थकली की ह्या दारांतून कोण बाहेर पडणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला?

मी पडणार नाही. रात्रपाळी करीन, पण चौथं वर्ष काढीन. विषय ठरलाय : आमच्या वस्तीचं पाणी आणि महानगरपालिका. तुम्हीही आपापल्या वस्तीचा विषय घ्या. आणि चौथ्या वर्षाच्या फीसाठी, स्कॉलरशिपसाठी एकत्र भांडू. एकेकटे भांडलो तर एकेकटेच बाहेर पडू.