डावे वळण सोपे नाही

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे गाडी शिकणाऱ्या मुलांना उजवे वळण अवघड आणि डावे म्हणजे हातचा मळ वाटतो. शिकवणारेही ते दोन मिनिटांत उरकतात. आम्हांस हे पटत नाही.

कलघटगीतून हुबळी-अंकोला महामार्ग जातो. लांब ट्रक डावीकडे वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कोपऱ्याकडे ओढले जाते. म्हणून चालक आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. डावीकडे मोकळी जागा दिसली की आपला स्कूटरवाला तिथे घुसतो! क्षणात ती जागा नाहीशी होते, आणि चालकाला तो आरशात दिसलेलाही नसतो. अशा वेळी हॉर्न वाजवू नये, मागेच थांबावे.

कार शिकणाऱ्याने आधी इंडिकेटर द्यावा, वेग कमी करावा, डावा आरसा पाहावा आणि मान वळवूनही बघावे. डावीकडून कुणीतरी सायकल दामटत असतोच. सिग्नल लाल असताना डावीकडे जायला हरकत नाही, हा समजही चुकीचा. तसा बाण किंवा फलक असेल तरच जावे.

पालकहो, १८ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलांच्या हाती गिअरची मोटरसायकल देऊ नका. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विश्वस्तांनी एखाद्या रविवारी शाळेच्या मैदानावर ट्रक आणवावा. मुलांना चालकाच्या जागी बसवून डाव्या आरशात काय दिसत नाही ते दाखवावे. डिझेलचा खर्च आम्ही वर्गणीतून काढू.