मसुद्यावरील शेरा

चर्चासत्रात निबंध वाचला जावा, अध्यक्षांनी तो ‘अभ्यासपूर्ण’ असल्याचा निर्वाळा द्यावा आणि चहाची वेळ झाली म्हणून चर्चा आटोपती घ्यावी, हा आपल्याकडील शिरस्ता इतका दृढमूल झाला आहे की, ज्या मसुद्याच्या दुरुस्तीसाठी विद्वज्जन जमले तो जसाच्या तसा छापखान्यात जातो, याचे कोणास वैषम्यही वाटत नाही. वस्तुतः खरा उपकारकर्ता तो, जो मसुदा आधी मागवून घेऊन समासात पेन्सिलीने नेमकी हरकत नोंदवतो. मराठेशाहीच्या पत्रांचेच पाहा: त्यांतील शुहूर सनात (त्या काळच्या दप्तरी कालगणनेत) मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवले म्हणजे इसवी सन येतो; पण सरसकट ५९९ मिळवणाऱ्या अभ्यासकाच्या लेखी शुहूर ११६१ मधील जानेवारीचे पत्र १७६० सालचे ठरते, म्हणजे १४ जानेवारी १७६१ च्या पानिपत-संग्रामाचा वृत्तांत संग्रामापूर्वीच लिहिला गेला, असा चमत्कार घडतो! ‘विवेचन अधिक सखोल हवे’ अशा गुळमुळीत अभिप्रायाने ही चूक कदापि सापडणार नाही. लेखकानेही तत्काळ स्वतःचे वकीलपत्र घेऊ नये. शेरा मुकाट्याने टिपावा, मूळ कागद पुन्हा काढावा आणि हरकत गैरलागू निघाल्यास तसा लेखी खुलासा द्यावा. (ज्येष्ठांच्या निबंधावर कनिष्ठाने बोट ठेवणे आमच्याकडे अजून बेअदबी समजली जाते, ते निराळेच.) संयोजकांनी निदान पंधरवडाभर आधी मसुदे वाटावेत आणि सत्कार-आभारांना कात्री लावून प्रत्येक निबंधास अर्धा तास तरी द्यावा, शाल-श्रीफळ, हवे तर, टपालाने पाठवता येईल.