कपाटातील इंजेक्शन

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सप्टेंबर २००३ मध्ये सॅब्रिना शॅनन या १३ वर्षांच्या मुलीने शाळेच्या उपाहारगृहात तळलेले बटाट्याचे काप खाल्ले. तिला दुधाची ॲलर्जी होती. ती चौकशी करूनच खाई. परंतु चीज वाढण्याचा चिमटाच बहुधा त्या कापांना लागला होता. श्वास अडखळला, तेव्हा तिला तो नेहमीचा दमा वाटला. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तिच्या कपाटात होते. ते धावत जाऊन आणेपर्यंत उशीर झाला होता.

तिच्या नावाचा कायदा १ जानेवारी २००६ पासून तेथे अमलात आला. अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र योजना आणि शिक्षकांना प्रशिक्षण आवश्यक ठरले. आणीबाणीत सद्हेतूने इंजेक्शन देणाऱ्यास संरक्षण मिळाले. हे शेवटचे कलम सर्वांत शहाणपणाचे, कारण अशा वेळी हात थबकतो तो पुष्कळदा जबाबदारीच्या भीतीने.

मराठी घरांत ‘डबा घरचाच आहे’ या वाक्यावर मोठी भिस्त असते. पण दूध, शेंगदाणे, तीळ ही सात्त्विक स्वयंपाकघरातलीच; शिवाय मधल्या सुट्टीत डबे वाटून खाल्ले जातात. अंगावर गांधी, ओठांना सूज आणि सोबत उलटी, घरघर वा भोवळ दिसताच ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरील स्नायूत द्यावयाचे असते. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. मुलास चालवू नये. आडवे निजवावे, धाप असल्यास बसू द्यावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच. लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.