कडक म्हणजे चपळ नव्हे

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांमध्ये एक मत फार खोल रुजलं आहे. गाडी स्पोर्ट्स आहे, तेव्हा सस्पेन्शन कडकच हवं. आराम हवा त्याने सेडान घ्यावी. या मतापायी कितीतरी उत्तम गाड्या खड्ड्यागणिक आपटणाऱ्या, मालकालाच नकोशा झालेल्या यंत्रांत बदलल्या आहेत. हे मत चुकीचं आहे, आणि ते यंत्रशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही.

उदाहरण म्हणून डॅटसन 240झेड घेऊ. 1969 साली जपानमध्ये ती लोकांसमोर आली आणि अमेरिकेतही विकायला लागली. वजन साधारण एक टन, सहा सिलिंडरांचं 2.4 लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना स्ट्रट: पुढे मॅकफर्सन पद्धतीचे, मागे चॅपमन पद्धतीचे. स्ट्रटकडे दोन कामं असतात. साध्या शॉक अॅब्सॉर्बरप्रमाणे तो स्प्रिंगची उसळी जिरवतो आणि शिवाय चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतो. म्हणून इथे चुकीची निवड दुप्पट महागात पडते.

कडकपणाच्या समर्थकांचा पहिला मुद्दा असा, की स्ट्रट जितका ताठ तितकी रस्त्यावरची पकड चांगली. गुळगुळीत शर्यतपट्टीवर यात काही तथ्य असेल, पण उंचसखल रस्त्यावर नाही. टायरची पकड त्याच्यावरचा भार किती स्थिर राहतो यावर अवलंबून असते. उंचवटा आला की चाकाला झटकन वर जाता आलं पाहिजे आणि लगेच खाली येऊन रस्ता धरता आला पाहिजे. ताठ स्ट्रट चाकाला हलूच देत नाही. मग चाकाऐवजी अख्खी गाडी वर फेकली जाते आणि टायर क्षणभर हलका पडतो. त्या क्षणी वळण असेल तर गाडी बाजूला सरकते. परतीच्या हालचालीला फार अडवणारा स्ट्रट मऊ स्प्रिंगवर बसवला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरतं खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो. गाडी खाली खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर, म्हणजे चाल संपल्यावर धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते.

दुसरा मुद्दा गाडी खाली आणण्याचा. गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत बॉडी खाली आणली की खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतं. दोहोंमधलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडी झुकवणारा जोर त्या प्रमाणात वाढतो. तो आवरायला अधिक ताठ स्प्रिंग, त्यासाठी अधिक ताठ स्ट्रट, वर बिघडलेला कोन सुधारायला स्ट्रटखाली स्पेसर, असा खर्चाचा फेरा सुरू होतो. शिवाय मूळ लांबीचा स्ट्रट तसाच ठेवून फक्त आखूड स्प्रिंग घातली, तर दबायला उरलेली चाल कमी होते. जाणवणारा कडकपणा बऱ्याचदा स्ट्रटचा नसतोच. बम्प स्टॉपवर बसलेल्या गाडीचा असतो.

तिसरा मुद्दा: ‘अॅडजस्टेबल घ्या, मग आराम आणि वेग दोन्ही मिळतील.’ अॅडजस्टेबल स्ट्रट उपयोगी असतो, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. बरेच स्ट्रट फक्त परतीची हालचाल कमीजास्त करतात. दबतानाचा विरोध कारखान्यात ठरलेला असतो. तो मुळातच शर्यतीसाठी ठेवला असेल, तर बटण सर्वांत मऊ खुणेवर आणूनही खड्डा तसाच लागणार.

आता दुसऱ्या टोकाकडेही पाहू. आराम हवा म्हणून सर्वांत स्वस्त, ढिला स्ट्रट बसवणारेही चुकतात. ढिल्या स्ट्रटवर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर दोनतीनदा डोलते, ब्रेक मारताच नाक टेकते आणि लांबच्या प्रवासात पाठ तितकीच शिणते. हलक्या दर्जाच्या स्ट्रटमध्ये दांड्याचं घर्षणही जास्त असतं. मॅकफर्सन रचनेत दांड्यावर बाजूचा जोर सतत येतो. दांडा अडकला की बारीक खडबड थेट बॉडीत उतरते.

मग निवडायचं कसं? आधी स्प्रिंग आणि उंची ठरवा, स्ट्रट त्यानंतर. आरामशीर गाडीत बॉडी सेकंदाला एक ते दीड वेळा डोलेल इतकीच स्प्रिंग ताठ असते. माणसाच्या शरीराला उभे धक्के सर्वांत जास्त बोचतात ते सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात, म्हणून त्यापासून दूर राहणं हिताचं. स्प्रिंग दुप्पट ताठ केली तर तिला आवरायला सुमारे 1.4 पट विरोधाचा स्ट्रट लागतो. म्हणजे स्प्रिंग ठाऊक नसताना स्ट्रट निवडणं हा निव्वळ अंदाज ठरतो. रस्त्यावरच्या 240झेडसाठी मूळ उंची आणि मूळच्या जवळपासची स्प्रिंग हाच योग्य पाया आहे.

त्यावर रोजच्या वापरासाठी कमी दाबाचा गॅस असलेला किंवा निव्वळ तेलाचा, दोन नळ्यांचा स्ट्रट घ्यावा. जास्त दाबाचा एकनळी स्ट्रट उष्णता चांगली बाहेर टाकतो आणि त्यात तेलाला फेस येत नाही. पण त्यातला दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो आणि गाडी थोडी उचलली जाते. तो घ्यायचाच असेल तर आपल्या स्प्रिंगला जुळणाऱ्या व्हॉल्व्हिंगचाच (विरोध ठरवणाऱ्या झडपांच्या रचनेचाच) घ्यावा. 240झेडच्या स्ट्रटच्या नळीत कार्ट्रिज, म्हणजे आत बसणारा तयार डॅम्पर, बसवताना भोवती थोडं तेल घालावं, म्हणजे उष्णता नळीपर्यंत पोचते. स्ट्रट जोडीनेच बदलावेत. वरचे माउंट, बुश आणि बम्प स्टॉप त्याच वेळी नवे घालावेत, कारण चिरलेल्या रबराचा दोष नव्या स्ट्रटवर येतो. टायरची भिंतही उंच ठेवावी. मोठी चाकं आणि पातळ टायर लावून स्ट्रटकडून आराम मागणं व्यर्थ आहे.

मऊ स्प्रिंगची गाडी वळणावर लोळते, असं म्हणणाऱ्यांनी लोटस एलान आठवावी. 1962 सालच्या या गाडीला लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने मऊ स्प्रिंग दिल्या, मागे स्ट्रट लावले आणि विरोध नेमका जुळवला. आजही तिचं नाव उत्तम हाताळणीसाठीच घेतलं जातं. आणि 240झेडने स्वतःचं मोठं यश मिळवलं ते पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत. 1971 साली एडगर हेर्मान, 1973 साली भारतीय वंशाचा शेखर मेहता, दोघेही याच गाडीने जिंकले. धूळ, चिखल आणि खड्ड्यांच्या त्या रॅलीत जमिनीला टेकवलेली गाडी शेवटपर्यंत पोचत नाही. चाकांना पुरेशी चाल देणारी पोचते.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना म्हणूनच विनंती आहे: स्ट्रटची मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला स्प्रिंगचा ताठरपणा, गाडीची उंची आणि वजन सांगा, आणि त्याला जुळणारं व्हॉल्व्हिंग मागा. ते जुळवून देऊ न शकणाऱ्याकडून स्ट्रट घेऊ नका.